दुसऱ्याच्या नावाने लिहिताना: घोस्टरायटिंगची सुरुवात कशी करावी

घोस्टरायटर व्हायचं म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कामं कुठे मिळतात? प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याचा नंबर बराच खाली लागतो. त्याआधी स्वतःला एक विचारून घ्या. तुम्ही रात्र जागून लिहिलेलं भाषण सभागृहात गाजलं, लोक वक्त्याला गाठून 'काय सुंदर मांडलंत' म्हणाले आणि वक्ता हसून 'सुचलं आपलं' म्हणाला, तर त्या रात्री तुम्हाला झोप लागेल का? लागणार नसेल तर स्वतःच्या नावाने लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही. लागणार असेल तर हा धंदा शिकण्यासारखा आहे.

शिकायचं म्हणजे लिहायला नव्हे. लिहिता येतं म्हणूनच तुम्ही इथवर आलात. नवा माणूस अडखळतो तो दोन ठिकाणी: समोरच्याचं ऐकताना आणि त्याच्याशी व्यवहार ठरवताना. म्हणून या दोन गोष्टींवर सविस्तर बोलू, बाकीचं झटपट.

कोणतं काम घ्यायचं, कोणतं नाही

पुस्तकांच्या आतल्या पानावर बारीक टाइपात 'शब्दांकन' म्हणून एखादं नाव असतं. तेच नाव कुठेही छापलं नाही की तो माणूस घोस्टरायटर. आत्मचरित्र हा या कामाचा सगळ्यात ठळक प्रकार, पण तेवढाच नाही. भाषणं, नियतकालिकांतले लेख, उद्योजकांच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट, ईमेलने जाणारी वार्तापत्रं, व्यवसायावरची पुस्तकं, घराण्याचे इतिहास, अगदी मालिकेतल्या कादंबऱ्यासुद्धा दुसऱ्याच्या नावाने लिहिल्या जातात.

सुरुवात भाषणांनी आणि लेखांनी करा. दहा मिनिटांचं भाषण म्हणजे साधारण 1,100 ते 1,300 शब्द. काम चार-पाच दिवसांत हातावेगळं होतं आणि निकाल लगेच कळतो: वक्ता कुठे अडखळला, कोणतं वाक्य त्याने आयत्या वेळी बदललं, कुठे लोक हसले. त्याने बदललेली वाक्यं टिपून ठेवा. त्याच्या तोंडात काय बसत नाही हे त्यावरून नेमकं कळतं. पोस्ट आणि लेखांचं काम बहुतेकदा महिन्याला ठरावीक रकमेवर चालतं, त्यामुळे घरखर्चाला आधार होतो. पुस्तक घ्यायचं ते अशी तीन-चार छोटी कामं पार पडल्यावर.

नाही म्हणायची कामं आत्ताच ठरवून टाका, कारण पैशांची चणचण असताना ती ठरवता येत नाहीत. पदवीचा प्रबंध, परीक्षेचे निबंध, खोटे ग्राहक-अभिप्राय, ही कामं फसवणुकीची आहेत. संशोधन-निबंधाचं जरा वेगळं आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आयसीएमजेई ही आंतरराष्ट्रीय समिती 'लेखक' म्हणवून घ्यायला चार अटी घालते. त्या चारही पूर्ण न करणाऱ्या मदतनिसाचा उल्लेख ऋणनिर्देशात यावा असा तिचा आग्रह आहे. म्हणजे तिथे लिहायला मदत करता येते, लपून राहता येत नाही. आणि एक प्रकार माझ्या मते नवख्याने टाळावाच: कुणावर तरी सूड उगवायला लिहायचं आत्मचरित्र. त्यात पैसे मिळतात, पण वकिलांचे फोनही येतात.

दाखवायला काही नसताना

इथली अडचण मजेशीर आहे. काम मिळवायला जुनं काम दाखवावं लागतं, आणि जुनं काम तर दुसऱ्याच्या नावावर! तुमच्या स्वतःच्या नावाचे चार चांगले लेख असले तर उत्तम, पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की तुम्ही तुमच्यासारखं लिहू शकता. गिऱ्हाइकाला हवा असतो तो त्याच्यासारखं लिहिणारा.

त्यामुळे नमुने मुद्दाम तयार करायचे. ओळखीतली दोन माणसं निवडा, बोलण्याची ढब एकमेकांपेक्षा अगदी वेगळी असलेली. एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक ट्रकचालक, असं काहीसं. प्रत्येकाशी दोन तास बोला, रेकॉर्ड करा आणि प्रत्येकाचं 1,500 शब्दांचं एक प्रकरण प्रथमपुरुषी लिहा. शेजारी शेजारी ठेवल्यावर ती दोन प्रकरणं एकाच माणसाने लिहिली आहेत असं वाटलं, तर नमुना अजून तयार झालेला नाही. प्रकरण त्यांच्या घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या. 'छान लिहिलंय' ही दाद कामाची नाही. 'अगदी अशीच बोलते ती' हवं. नमुना म्हणून दाखवायची त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या आणि नावं-गावं बदला.

मुलाखत

साठ हजार शब्दांच्या आत्मचरित्राला वीसेक तासांचं रेकॉर्डिंग तरी लागतं. माणूस मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द बोलतो, म्हणजे तासाला सात-साडेसात हजार. वीस तासांचे दीड लाखाच्या घरात शब्द होतात आणि त्यातून तुम्हाला साठ हजार उभे करायचे आहेत. पण हे गुणोत्तर फसवं आहे, कारण दीड लाखांतले निम्मे शब्द तेच तेच असतात आणि पुस्तकाला लागणारे कित्येक तपशील बोललेच गेलेले नसतात.

एका बैठकीला दीड तास पुरे. त्यानंतर सांगणारा थकतो आणि थकलेला माणूस सारांश सांगायला लागतो. रेकॉर्डिंग दोन यंत्रांवर करा, एक फोन आणि दुसरं काहीही. फोन आला की काही फोनवरचं रेकॉर्डिंग थांबतं आणि ते तासाभराने लक्षात येतं. सुरुवातीला तारीख आणि बैठकीचा क्रमांक तोंडाने बोलून ठेवा, फाइलला तेच नाव द्या आणि त्याच दिवशी दुसरीकडे प्रत काढा.

रेकॉर्डिंग ऐकून कागदावर उतरवायला तासाला चार तास तरी जातात. सॉफ्टवेअर हे काम पुष्कळ हलकं करतं, पण विशेषनामं, बोलीतले शब्द आणि पुटपुटलेली वाक्यं बिघडवून ठेवतं, तेव्हा कानाला हेडफोन लावून एकदा दुरुस्त करावंच लागतं. पहिल्या दोन बैठका मात्र स्वतः हाताने उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण तो माणूस कुठे थांबतो, कोणत्या शब्दाशी घुटमळतो, कोणाचं नाव आलं की विषय बदलतो, हे त्याशिवाय कळत नाही.

प्रश्नांबद्दल. 'लहानपणापासून सांगा' असं म्हणून सुरू करू नका. ती गोष्ट त्याने शंभरदा सांगितलेली असते, पाठ झालेली असते. एखादा दिवस धरा, एखादी खोली धरा. 'पहिल्या नोकरीच्या दिवशी घरातून निघताना हातात काय होतं?' या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नसतं. 'तेव्हा कसं वाटलं?' हा तर सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. त्यावर 'खूप अभिमान वाटला' यापलीकडे काही मिळत नाही. त्याऐवजी 'बातमी पहिल्यांदा कुणाला सांगितलीत? तो काय म्हणाला?' असं विचारा, वाटणं आपोआप बाहेर येतं. पाठ झालेले किस्से अडवू नका. ते पूर्ण सांगू द्या आणि मग हळूच विचारा, 'आणि दुसऱ्या दिवशी सकाळी?' किश्शाच्या पलीकडचा भाग सहसा कुणी विचारलेला नसतो.

गप्प बसायला शिका. उत्तर संपल्यावर पाच-सहा सेकंद काहीही बोललं नाही तर समोरचा माणूस स्वतःहून पुढचं वाक्य टाकतो, आणि बरेचदा कामाचं तेच असतं.

मराठीत बोलणाऱ्यांच्या बाबतीत एक खास काळजी घ्यावी लागते: 'आम्ही'. बरेच ज्येष्ठ स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणतात. 'आम्ही राजीनामा दिला.' कुणी? एकट्याने, दोघा भागीदारांनी की अख्ख्या विभागाने? तिथल्या तिथे विचारून घ्या. लिहिताना 'मी' करायचं की 'आम्ही' ठेवायचं हा नंतरचा प्रश्न, पण घडलं काय ते तरी कळलं पाहिजे.

पहिल्या दोन-तीन बैठकांनंतर एक तक्ता करा: साल, वय, राहायचं ठिकाण, काम, घरातली मोठी घटना. स्मरणशक्ती सालांच्या बाबतीत बेभरवशाची असते. एकोणिसाव्या वर्षी नोकरी लागली आणि विसाव्या वर्षापर्यंत कॉलेजात होतो, अशा दोन्ही गोष्टी एकाच माणसाने मनापासून सांगितलेल्या सापडतील. जुनी पत्रं, दाखले, फोटोंच्या मागच्या तारखा मागून घ्या. चूक दाखवताना 'तुमचं चुकतंय' म्हणायचं नाही. 'दोन बैठकांत वेगवेगळं आलंय, कोणतं ठेवू?' एवढं पुरतं.

'हे छापायचं नाही, पण सांगतो' असं कधी ना कधी येणारच. त्याची खूण आधीच ठरवून ठेवा. अशा वेळी रेकॉर्डर खरोखर बंद करा आणि बंद केलेला त्याला दिसू द्या.

आवाज पकडायचा म्हणजे काय करायचं

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण उतरवून काढलेलं बोलणं असंच दिसतं. छोट्या कारखान्याचा मालक सांगतोय:

'म्हणजे कसंय, तेव्हा ना, आमच्याकडे एकच मशीन होतं, बरं का, आणि ते पण, ते पण जुनं. घेतलेलंच जुनं. तर ते काय व्हायचं, रात्री बंद पडायचं. म्हणजे नेमकं रात्रीच. आता रात्री कोण येणार दुरुस्त करायला? कोणी येत नाही. मग मी शिकलो. काय करणार!'

नवा घोस्टरायटर याचं असं करतो: 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करत मी यंत्रदुरुस्तीचे कौशल्य आत्मसात केले.' वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे आणि पूर्णपणे वाया गेलेलं आहे. त्या माणसाच्या बायकोने ते वाचलं तर तिला हसू येईल. 'आत्मसात' हा शब्द तो जन्मात बोललेला नाही.

आता हे बघा: 'आमच्याकडे एकच मशीन होतं, तेही जुनं. घेतलेलंच जुनं. आणि बंद पडायचं ते नेमकं रात्री. रात्री दुरुस्तीला कोण येणार? मग मी शिकलो. काय करणार!'

काढलं काय? 'म्हणजे कसंय', 'ना', 'बरं का', अडखळणं, आणि प्रश्नातच उत्तर असल्यामुळे 'कोणी येत नाही'. ठेवलं काय? 'घेतलेलंच जुनं' ही पुनरुक्ती, कारण ती कुरकुर नसून विनोद आहे. 'नेमकं' ठेवलं, कारण मशीनवरचा राग त्या एका शब्दात आहे. आणि 'काय करणार' हा त्याचा पालुपदासारखा शब्दप्रयोग. तो बोलताना दर दहा मिनिटांनी येत असेल, पुस्तकात मात्र सात-आठ ठिकाणीच ठेवायचा. जास्त ठेवला तर नक्कल वाटते. माणूस कागदावर हुबेहूब बोलल्यासारखा दिसत नाही, बोलल्याचा भास व्हावा लागतो.

एवढ्यावर काम संपत नाही. या उताऱ्यात 'मग मी शिकलो' हे वाक्य म्हणजे बंद दार आहे. कुणाकडून शिकलात? पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत काय दिसलं? हात भाजला का? पुढच्या बैठकीचे तीन प्रश्न इथेच मिळाले.

प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक-दोन पानांचं टिपण ठेवा. लाडके शब्द, कधीच न वापरणारे शब्द, वाक्यं लांब की तुटक, राग आला की भाषा वाढते की आटते, वडिलांचा उल्लेख 'वडील', 'बाबा' की 'अण्णा', बायकोचा नावाने की 'ही' म्हणून, विनोद स्वतःवर करतो की दुसऱ्यावर. इंग्रजी शब्द किती आणि कोणते, हेही. डॉक्टरच्या तोंडी 'शस्त्रक्रिया' घातली की तो लगेच परका वाटतो, तो 'ऑपरेशन'च म्हणतो.

शिवाय पहिल्याच आठवड्यात एक निर्णय घ्यावा लागतो: 'केलं, गेलं, होतं' लिहायचं की 'केले, गेले, होते'? बोली रूपं जवळीक देतात, प्रमाण रूपं थोडं अंतर ठेवतात. काही गिऱ्हाइकांना बोली रूपांत स्वतःची प्रतिमा हलकी झाल्यासारखी वाटते. दोन्ही प्रकारे एकेक पान लिहून दाखवा आणि त्यांना मोठ्याने वाचायला लावा. तोंडात काय बसतं ते त्यांनाच कळतं. अर्ध्या पुस्तकानंतर हे बदलायची वेळ आली तर नुसतं शोधून बदलून भागत नाही, वाक्याची चालच बदलते.

पैसे

शब्दामागे अमुक, पानामागे तमुक, असा दर सांगायचा मोह होईल. भाषणाला, लेखाला तो चालतो. पुस्तकाला नाही, कारण पुस्तकात लिहिण्याइतकाच वेळ न लिहिण्यात जातो. तास मोजा. साठ हजार शब्दांचं पुस्तक धरून चालू: मुलाखती 20 तास, उतरवलेल्याची दुरुस्ती 40, आराखडा 25, तासाला तीनशे शब्दांच्या हिशेबाने पहिला मसुदा 200, दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्या 80, फोन, ईमेल आणि वाट बघण्यातले मिळून 35. झाले 400 तास. तुमचा तासाचा दर त्याला लावा आणि वर वीस टक्के ठेवा, कारण काहीतरी वाढतंच. हा आकडा आणि गिऱ्हाइकाच्या मनातला आकडा यांत फार अंतर असेल तर पुस्तक छोटं करा, बैठका कमी करा, पण तेवढंच काम कमी पैशात घेऊ नका. 400 तास म्हणजे दिवसाचे चार तास देऊन शंभर दिवस. प्रत्यक्षात सहा ते नऊ महिने धरा.

'पुस्तक खपलं की त्यातला वाटा देतो' हे वाक्य ऐकायला गोड असतं. बहुतेक पुस्तकं फारशी खपत नाहीत, म्हणून ठरलेली रक्कम घेणंच शहाणपणाचं. उलट बाजूही माहीत असू द्या. अमेरिकेत 1930 मध्ये सुरू झालेल्या नॅन्सी ड्र्यू मालिकेवर कॅरोलिन कीन हे टोपणनाव असायचं. पहिल्या तीस पुस्तकांतली तेवीस लिहिली मिल्ड्रेड बेन्सन यांनी, सुरुवातीला पुस्तकामागे 125 डॉलर एकरकमी घेऊन आणि हक्क सोडून देऊन. मालिका पिढ्यान्‌पिढ्या खपली. बेन्सन यांचं नाव मोठ्या प्रमाणावर पुढे आलं ते 1980 मध्ये, प्रकाशकांच्या कोर्टातल्या भांडणात त्यांची साक्ष झाली तेव्हा. नवख्याला यातून घेण्यासारखं इतकंच, की मालिकेचं काम असेल तर ठरलेल्या रकमेखेरीज ठरावीक विक्रीनंतर थोडी जादा रक्कम मागून बघायला हरकत नाही. नाही म्हणाले तर मूळ रक्कम आहेच.

रक्कम हप्त्यांनी घ्या आणि शेवटचा हप्ता लहान ठेवा. 30 टक्के सही करताना, 30 आराखडा आणि पहिलं प्रकरण मंजूर झाल्यावर, 30 पूर्ण मसुदा दिल्यावर, 10 अखेरच्या दुरुस्त्यांनंतर. शेवटचे हप्ते गिऱ्हाइकाच्या मंजुरीवर अडकतात, आणि मंजुरी द्यायला लोकांना वेळच मिळत नाही. निम्मी रक्कम तिथे ठेवलीत तर ती महिनोन्‌महिने लटकते.

करार

ओळखीचा माणूस असला तरी लेखी हवं. दोन पानं पुरतात. शब्दसंख्या, बैठकांचे तास, दुरुस्तीच्या फेऱ्या किती (दोन), त्यानंतरच्या फेरीचे पैसे किती, गिऱ्हाइकाने किती दिवसांत उत्तर द्यायचं आणि नाही दिलं तर मुदत तितकी पुढे, हे सगळं आलं पाहिजे. पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं कलम हे: मंजुरी देणारी व्यक्ती एकच असेल, आणि तिचं नाव हे. नाहीतर मसुदा भावाकडे जातो, भागीदाराकडे जातो, इंग्रजी माध्यमातल्या मुलीकडे जातो, आणि तिघांच्या तीन रंगांतल्या सूचना तुमच्याकडे येतात.

हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर हस्तांतरित होतील असं लिहा, सही केल्यावर नव्हे. कायदा देशागणिक वेगळा आहे. कॉपीराइटबद्दलच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात 1928 साली भर पडली ती लेखकाच्या नैतिक हक्कांची: आर्थिक हक्क विकले तरी लेखनावर आपलं नाव सांगण्याचा हक्क स्वतंत्रपणे उरतो. काही देशांत तो लेखी सोडून देता येतो, फ्रान्ससारख्या देशात सोडता येत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर कोणत्या देशाचा कायदा लागू, हे एक वाक्य करारात टाकाच. मोठ्या रकमेचं काम असेल तर वकिलाला दाखवा.

श्रेयाचे तीन मार्ग असतात: काहीच नाही, ऋणनिर्देशात उल्लेख, किंवा मुखपृष्ठावर नाव. ज्याची मागणी असेल ती किमतीत धरा, म्हणजे श्रेय जितकं कमी तितकी रक्कम थोडी जास्त. नाव नसणं म्हणजे अपमान असं मानू नका. टेनिसपटू आंद्रे आगासीच्या 2009 मधल्या आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर ते लिहिणाऱ्या जे. आर. मोरिंगर यांचं नाव नाही, ते त्यांनीच नको म्हटलं होतं. आगासीने मात्र ऋणनिर्देशात त्यांचं श्रेय मोकळेपणाने दिलं.

गिऱ्हाईक मधेच मागे हटलं तर काय, हे आधी ठरवा. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज यांच्या आत्मचरित्राचं असंच झालं. अँड्र्यू ओहेगन यांनी मसुदा लिहिला, असांज यांचं मन बदललं आणि 2011 मध्ये प्रकाशकाने त्यांच्या संमतीविना पुस्तक छापलं. तुमच्याबाबत इतकं नाट्य घडणार नाही, पण 'सध्या थांबूया' हा निरोप येऊ शकतो. त्या दिवसापर्यंतच्या कामाचे पैसे आणि वर राहिलेल्या रकमेचा काही टक्के भाग, असं कलम हवं. सांगितलेल्या गोष्टींच्या खरेपणाची जबाबदारी गिऱ्हाइकाची, हेही. मानहानीचा दावा आला तर त्या कलमाची आठवण होते.

गोपनीयतेच्या करारावर जरूर सही करा, पण त्यात एक ओळ स्वतःसाठी मागा: 'वैद्यकीय क्षेत्रातल्या एका व्यक्तीच्या आत्मचरित्राचं काम केलं' इतकं सांगायची मुभा. अशा पाच ओळी जमल्या की तोच तुमचा परिचय.

आता, कामं कुठून येतात

जाहिरातीतून फार कमी. रीड्झी, अपवर्कसारख्या काम मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर कामं असतात, पण अपवर्कवर स्वस्तात लिहून देणाऱ्यांची गर्दी आहे आणि रीड्झीवर आधी छापलेलं काम दाखवावं लागतं. खरी वाट जाते ती अशा लोकांकडून, ज्यांच्याकडे 'मला पुस्तक लिहायचंय' म्हणणारी माणसं येतात: प्रकाशक, संपादक, मुद्रक, पुस्तकं मांडून देणारे डिझायनर, कार्यक्रमांचे आयोजक, वक्त्यांना प्रशिक्षण देणारे. त्यांना लिहायचा निरोप पाच ओळींचा ठेवा:

'नमस्कार. मी दुसऱ्यांच्या नावाने भाषणं, लेख आणि आत्मचरित्रं लिहितो. सोबत दोन नमुने आहेत, दोघांच्या बोलण्याची ढब वेगळी आहे. तुमच्याकडे अनुभव भरपूर पण लिहायला वेळ नाही असं कुणी आलं, तर माझं नाव सुचवाल का? पहिली अर्धा तासाची भेट विनामूल्य असते.'

अर्ध्या तासाची भेट विनामूल्य, प्रकरण नाही. 'आधी एक प्रकरण लिहून दाखवा, आवडलं तर बघू' म्हणणाऱ्याला नमुने दाखवा किंवा चाचणी-प्रकरणाचे पैसे सांगा. 'बहुतेक लिहून झालंय, फक्त थोडं पॉलिश करायचंय' असं कुणी म्हणालं तर हस्तलिखित पाहिल्याशिवाय आकडा बोलू नका. त्या 'थोड्या'त अख्खं पुस्तक दडलेलं असतं.

मसुदा हातात देताना

सगळं पुस्तक एकदम पाठवू नका. एक प्रकरण पाठवा, तेही सुरुवातीचं नको, मधलं. सुरुवातीच्या प्रकरणावर लोक फार हळवे असतात. सूचना तीन प्रकारांत मागा: चुकीचं काय आहे, काय छापायचं नाही, आणि कुठे 'मी असं म्हणणार नाही' वाटलं. 'कसं वाटलं' विचारलंत तर 'छान' येईल किंवा काहीतरी अधांतरी.

बहुतेक गिऱ्हाइकांना पहिला मसुदा वाचताना धक्का बसतो. स्वतःचं आयुष्य कागदावर आलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलेलं असतं, आणि ते बरेचदा त्यांच्या कल्पनेपेक्षा साधं दिसतं. मग मोठे शब्द घालण्याच्या सूचना येतात. लगेच वाद घालू नका, लगेच मान्यही करू नका. दोन दिवस जाऊ द्या आणि तोच उतारा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. बऱ्याच सूचना तिथेच मागे घेतल्या जातात. ज्या उरतील त्या करा. नाव त्यांचं आहे.

एआयबद्दल थोडक्यात. वापरणार असाल तर करारात सांगा. गिऱ्हाइकाचं रेकॉर्डिंग किंवा उतरवलेली बैठक त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही साधनात टाकायची नाही, गोपनीयतेचा भंग होतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका आहे की माणसाच्या निर्मितीशिवाय कॉपीराइट मिळत नाही, आणि अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायच्या सेवेवर पुस्तक टाकताना मजकूर एआयने तयार केला असेल तर तसं त्यांना कळवावं लागतं. म्हणजे तुम्ही न सांगता दिलेला मजकूर गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो. शिवाय या साधनांचा कल त्या 'प्रतिकूल परिस्थितीवर मात करत'कडेच असतो.

काम संपलं की शेवटच्या हप्त्याचं बिल त्याच दिवशी पाठवा. रेकॉर्डिंग करारात ठरलं असेल तसं परत करा किंवा पुसून टाका, आणि पुसल्याचं ईमेलने कळवा. पुस्तक छापून आल्यावर महिन्याभराने एक फोन करा. जाहीर शिफारस ते करू शकणार नाहीत, तेव्हा ती मागू नका. 'तुमच्या ओळखीत कुणी असं काही लिहायच्या विचारात असेल तर खासगीत माझा नंबर द्याल का?' एवढं विचारा. नाही म्हणणारं माणूस क्वचित भेटतं.